ताईची कूस

मुरलीपुऱ्यातलं आमचं घर म्हणजे एका घराचा वरचा मजला. खाली मालकीणबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना माँजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. वर आम्ही चौघं: आई, बाबा, माझी मोठी बहीण मार्था आणि मी. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. नगर जिल्ह्यातलं गाव सोडून नोकरीच्या मागे रतलामला गेले आणि तिथून बदली होऊन जयपूरला आले. मी तेव्हा तीन वर्षांची होते, त्यामुळे गाव मला उन्हाळ्याच्या सुटीपुरतंच माहीत. घरात मराठी, जिन्यात हिंदी, शाळेत हिंदी आणि थोडं इंग्रजी. ताई आणि मी एकमेकींशी जे बोलायचो त्याला आई ‘तुमची खिचडी’ म्हणायची. “आई, मतलब मी जेवलेय, पण परत जेवू शकते,” असलं काहीतरी ताई बोलायची आणि आई भाकरी थापता थापता हसायची. बाजरी इथेही चांगली मिळते. माँजी तिचा तूप-गूळ घालून चुरमा करायच्या, आई त्याच बाजरीची भाकरी शेंगदाण्याच्या ठेच्याबरोबर वाढायची, आणि दोन्ही घरांतल्या वाट्या दिवसभर जिन्यातून खालीवर करत राहायच्या.

सकाळी सगळ्यांत आधी मोर ओरडायचे. मग माँजींची पूजेची घंटी, मग आमच्या स्टोव्हची फरफर, आणि या सगळ्यावर ताईचा आवाज. ताई एकोणीस वर्षांची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि तिला हळू बोलता यायचं नाही. जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळून उतरायची. चर्चमध्ये लहान मुलांचा रविवारचा वर्ग तिच्याकडे होता; तिथली पोरं तिच्या मागे शेपटासारखी असायची. चर्च हिंदी होतं, त्यात मराठी घर आमचं एकच. म्हणून मराठी उपासना आम्ही घरीच करायचो, रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी. ताटं मांडलेली, आमटीचा वास सुटलेला. आई गीत सुरू करायची, ताई वरच्या पट्टीत साथ धरायची, बाबा वाचायचे आणि मग प्रार्थना. बाबांची प्रार्थना लांब. गावाकडच्या सगळ्यांची नावं, माँजींचा दुखरा गुडघा, ऑफिसातले साहेब, साहेबांची आजारी बायको. आमटी निवून जायची. मी एक डोळा उघडून बघायचे तर ताईचेही दोन्ही डोळे उघडे असायचे.

मी आता साठीला आले. सीतापुऱ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. अजून जयपुरातच राहते. पण संध्याकाळी कुठल्याही घरातून आमटीचा वास आला की मला आधी त्या निवत चाललेल्या ताटांची आठवण येते, भूक नंतर लागते.

जयपूरची संक्रांत ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. सगळं शहर छतावर असतं. प्रत्येक छतावर लाऊडस्पीकर, शेवयांसारख्या गोड फीणीचे आणि तिळपट्टीचे डबे, आणि पतंग कापला की एकदम गर्जना, “वो काटा!” पतंग उडवण्यात आमच्या गल्लीत ताईला तोड नव्हती. समोरच्या छतावरचे कॉलेजातले मुलगेही तिला वचकून असायचे. मांज्याची चरखी धरायचं काम माझं. आमच्या छताला तीन बाजूंनी कमरेएवढा कठडा होता. मागच्या बाजूला मात्र माँजींना एक खोली चढवायची होती म्हणून भिंत पाडून ठेवली होती. विटांचे दोन थर तेवढे उरले होते. तिथे बाबांनी जाड दोरी आडवी बांधली होती. त्या दिवशी मांजा सारखा तिच्यात अडकत होता, म्हणून ताईने ती सोडली. “दहा मिनिटांत परत बांधते,” म्हणाली.

दुपारी दोन-अडीचचा सुमार असेल. ऊन मऊ होतं. ताईचा हिरवा पतंग समोरच्या काळ्या पतंगाशी भिडला होता आणि मला दिसत होतं की आता कटणार, आपलाच पतंग कटणार. मी ओरडले, “ताई, खेच! मागे ये, मागे!” ती मान वर करून, दोन्ही हातांनी मांजा खेचत मागे आली. दोन पावलं, तीन पावलं. पुढच्या क्षणी छतावर ती नव्हती. माझ्या हातातली चरखी मात्र भरभर फिरत होती, कारण मांजा तिने सोडला नव्हता. समोरच्या छतावरून आरोळी आली, “वो काटा!” त्यांना पतंगच दिसत होता.

दवाखान्यात आम्ही सात आठवडे होतो. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी बाबांना बाजूला न नेता ताईसमोरच सांगितलं, की मणका मोडलाय, आतली दोरी दाबली गेलीय, कमरेखालचं परत येईल असं त्यांना वाटत नाही. बाबांनी विचारलं, “कितने महीने लगेंगे?” डॉक्टरांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मार्चमध्ये तिला घरी आणलं. चार जणांनी गादीसकट जिन्यातून वर चढवलं आणि पुढच्या खोलीत, जिथे आमची ताटं मांडली जायची, तिथे तिची खाट लागली. पहिले काही दिवस ती थट्टा करायची. मग कमी बोलायला लागली. एक प्रश्न मात्र ती दिवसातून कितीदा तरी विचारायची, “पमे, माझे पाय सरळ आहेत का गं?” मी चादर उचलून बघायचे आणि सांगायचे, सरळ आहेत. तिला ते आपलं आपल्याला कळत नव्हतं. कधी एखादा पाय खाटेच्या कडेवरून खाली लोंबत असायचा आणि ती छताकडे बघत शांत पडलेली असायची. तो मी उचलून वर ठेवायचे. आपल्याच बहिणीचा पाय, ऊनऊन, जिवंत, आणि आपण त्याला हात लावलाय हे तिला सांगावं लागतं.

आईने नोकरीवर गेल्यासारखा दिवस वाटून घेतला होता: लघवीची नळी, भांडं, अंग पुसणं, चादर, पुन्हा भांडं. बाबांची संध्याकाळची प्रार्थना हळूहळू आखूड होत गेली. आधी साहेबांची बायको गळली, मग साहेब, मग माँजींचा गुडघा, मग गावाकडचे सगळे. शेवटी एकच वाक्य राहिलं, “प्रभू, तिला उठव.” तेच ते, वीस वेळा, तीस वेळा, आवाज फाटेपर्यंत. आई शुक्रवारी उपास करायची. मी कुणाला न सांगता बुधवारी करायचे. शाळेतला डबा मैत्रिणीला द्यायचे आणि देवाला सांगायचे, बघ, मी खाल्लं नाही.

चर्चचे लोक यायचे, कपाळाला तेल लावायचे, डोक्यावर हात ठेवायचे, प्रेमाने बोलायचे. त्यांच्यापैकीच कुणीतरी सांगितलं की बाहेरगावचे एक मोठे प्रचारक येताहेत, जवाहर नगरच्या पलीकडे मैदानात तीन दिवस सभा आहे, आंधळे बघायला लागतात, लंगडे चालायला लागतात. बाबा ते ऐकून इतके ताठ बसले की मला बरं वाटलं; किती दिवसांनी त्यांची पाठ सरळ झाली होती. ताई म्हणाली, “मला नाही जायचं.” बाबा खाटेशेजारी जमिनीवर बसले. “एकदाच चल, मार्था. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी चल.” ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, “बरं, बाबा.”

एप्रिल संपत आला होता. संध्याकाळी पाचला टेम्पोत गादी घालून आम्ही तिला नेलं. मैदानात मोठा मांडव, त्यात माणसं खचाखच, पंखे गरम हवा फिरवत होते आणि कर्ण्यांतून वाजंत्रीचा दणका. आजाऱ्यांची रांग होती. आमची पाळी आली तेव्हा ताईला खुर्चीवर बसवून दोघा स्वयंसेवकांनी मंचावर चढवलं. प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्या आवाजात आज्ञा केली, “बेटी, खड़ी हो जा!” मांडव एका सुरात ओरडला. स्वयंसेवकांनी तिला काखेत धरून उभं केलं. ताईला पूर्ण उंचीत उभी मी साडेतीन महिन्यांनी पाहत होते, आणि एका क्षणासाठी, देवाशपथ सांगते, मला वाटलं, झालं. बाबांनी दोन्ही हात वर केले होते. तेवढ्यात मंचावरून आवाज आला, “छोड़ दो!” आणि त्या माणसांनी सोडलं.

ती चादर गळावी तशी खाली गेली. एक पाय अंगाखाली वाकडा दुमडला गेला. नळी निघाली, कपडे ओले झाले, आणि हजार माणसं बघत होती. ताई रडली नाही. ती फक्त ओढणी पुढे ओढायचा प्रयत्न करत होती. बाबा मंचावर धावत गेले आणि त्यांनी तिला आपल्या अंगाने झाकलं. प्रचारक माइकमध्ये म्हणाले, आवाजात राग नव्हता, दुःखच होतं, “परमेश्वर तो तैयार है. पर इस घर में कोई छिपा हुआ पाप है. कोई अविश्वास है.” मग वाजंत्री सुरू झाली आणि रांगेतला पुढचा माणूस वर चढला.

परतताना टेम्पोत आईने ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ताईने डोळे मिटले होते. मी तिच्या पायाशी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. छिपा हुआ पाप. संक्रांतीला मी काय ओरडले हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘पाय घसरला’ असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मी मान डोलावली होती. आता देवाने हजार माणसांसमोर बोट दाखवलं होतं, फक्त नाव घेतलं नव्हतं.

दोन दिवसांनी ताईला ताप भरला. अंग पुसताना आईला दिसलं की उजवी मांडी सुजून जांभळी झालीय. दवाखान्यात फोटो काढला तर हाड मोडलेलं. डॉक्टरांनी विचारलं, “दो दिन से टूटी है. दर्द नहीं हुआ?” आणि विचारता विचारता त्यांच्याच लक्षात आलं. ताई म्हणाली, “मुझे किसी ने बताया नहीं.” ती थट्टा होती की काय होतं ते, मला आजही ठरवता येत नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरातली प्रार्थना बंद झाली. बाबांनी तसं जाहीर केलं नाही. संध्याकाळी ताटं मांडली, आई गीत सुरू करावं का म्हणून त्यांच्याकडे बघत थांबली, आणि बाबा जेवायला लागले. चर्चला जाणंही थांबलं. ड्यूटीवरून आले की ते खाटेसमोर जरा वेळ उभे राहायचे, हात लावायला पुढे व्हायचे, मग वळून जिन्यात जाऊन बसायचे. आमचे पास्टर साहब, सायकलवरून येणारे म्हातारे गृहस्थ, दर आठवड्याला यायचे. बाबा त्यांना वाट द्यायचे, पाणी द्यायचे, पण बोलायचे नाहीत.

मे महिन्यात प्लास्टर असल्यामुळे ताई सारखी पाठीवरच पडून राहिली. जयपूरचा मे. कूलर चालू असला तरी गादी भट्टीसारखी तापायची. एक दिवस मला खोलीत वास आला. आईलाही येत होता, पण आम्ही दोघी एकमेकींना म्हणालो, नाली तुंबली असेल. तो वास ताईच्या पाठीचा होता. माकडहाडापाशी माझा पंजा मावेल एवढी जखम झाली होती आणि आत काळं होतं. डॉक्टर घरी येऊन मेलेली कातडी कापून गेले आणि म्हणाले, हे रक्तात गेलं तर माझ्या हातात काही नाही. आई तिथेच खाली बसली. “मला येत नाही हो,” ती बाबांना म्हणाली, “मला काहीच करता येत नाही.” बाबांनी गावाला तार केली.

चौथ्या दिवशी रत्नाआत्या आली. बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं एका मिशन दवाखान्यात आया म्हणून काम केलेली, नवरा आणि दोन लेकरं मातीआड केलेली, काळी, बुटकी बाई. तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आणि जुन्या धोतरांचं गाठोडं होतं; त्या मऊ फडक्यांच्या घड्या जखमेसाठी. तिने कुणाची विचारपूस केली नाही. कोपरापर्यंत हात धुतले, चादर वर केली आणि बराच वेळ पाहिलं.

“किती दिस झालं हिला कुशीवर वळवून?” तिने विचारलं. आई रडायला लागली. “रडू नगंस, बया,” आत्या म्हणाली. “पानी उकळ. मीठ टाक त्यात.”

दुसऱ्या दिवशी तिने आतल्या खोलीतलं घड्याळ काढून ताईच्या खाटेसमोरच्या भिंतीवर टांगलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उजवी, पालथी, पुन्हा डावी. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, घोट्याखाली फडक्याची चुंबळ, चादरीला एक सुरकुती नको. वळवताना एकाने खांदे धरायचे, एकाने कंबर, एकाने प्लास्टरचा पाय, आणि तिघांनी एकदम. एकदम व्हावं म्हणून आत्या मोजायची, पण तिचं मोजणं वेगळं होतं: “बाप... पुत्र... पवित्र आत्मा!” आणि आत्म्यावर उचलायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईला हसू फुटलं. मांडवातून आल्यापासूनचं ते पहिलं हसू. आत्याला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

एकदा आईने तिला विनवलं, “आक्का, तुमची प्रार्थना देव ऐकतो. ती उठावी म्हणून मागा ना.”

आत्या जखमेतून फडकं काढत होती. “म्या न्हाई मागत त्ये,” ती म्हणाली. “माज्या धाकल्या पोरासाठी लई मागून बघितलं. आता म्या त्याला म्हंते, तू हितं खाटंपाशी बस, म्या काम करते. उठून जाऊ नगंस म्हंजी झालं.” आईला ते आवडलं नाही. मलाही तेव्हा आवडलं नव्हतं. आम्हाला अजून ताई उठायला हवी होती.

जुलैतली एक दुपार. आई आतल्या खोलीत झोपली होती, आत्या माँजींकडे ताक आणायला खाली गेली होती. दोनचे ठोके झाले आणि कूस बदलायची वेळ झाली. प्लास्टर आठवड्यापूर्वी निघालं होतं, ताईही आता हातांनी खाटेची कड धरून जोर लावायची, त्यामुळे मला एकटीला जमलं. तिचं तोंड भिंतीकडे झालं आणि पाठ माझ्याकडे. मी उशी लावत होते. तोंडाशी बोलायचं असतं तर मी कधीच बोलले नसते. पाठीशी बोलणं सोपं गेलं.

“ताई, मी ओरडले होते,” मी म्हणाले.

“कधी?”

“तेव्हा. छतावर. मी म्हणाले, मागे ये. तू माझ्यामुळे मागे आलीस.”

कूलरचा आवाज तेवढा होता. मी पुढे सांगत गेले, मांडवातलं, छिपा हुआ पाप, बुधवारचे उपास, सगळं. मग ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, “मला ऐकूच आलं नव्हतं, पमे. एवढे लाऊडस्पीकर वाजत होते. मी आपली पतंगाकडे बघत मागे गेले.”

“खरंच?”

“खरंच. आणि ऐक. तो माणूस पाप म्हणाला, तेव्हा मला वाटलं, माझं. दोरी मी सोडली होती. दहा मिनिटांत बांधते म्हणाले आणि विसरले. बाबांना वाटतं, त्यांचं. आईला काय वाटतं ते तिचं तिला माहीत. एका वाक्यात त्याने सगळ्या घराला झोपवलं बघ.”

तिला खरंच ऐकू आलं नव्हतं, की ती तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलली? इतक्या वर्षांत मी याचा विचार हजार वेळा केला. समोरासमोर असतो तर तिचा चेहरा मी वाचला असता. आता वाटतं, न वाचलेलाच बरा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्या दुपारी तिने मला उचललं, पडलेल्या बाईने, भिंतीकडे तोंड करून.

“मला त्या माणसाचा राग नाही येत,” ताई पुढे म्हणाली. “मला देवाचा राग येतो. इतका येतो की तोंडातून प्रार्थना निघत नाही. हे पण पापच असेल.”

“कशानं पाप?” आत्या दारात उभी होती, हातात ताकाचा तांब्या. कधीपासून, माहीत नाही. “क्रुसावर टांगल्याला असताना आपल्या प्रभूनं काय केलं? बापाला वरडून इचारलं, का टाकलंस मला म्हून. व्हय का न्हाई? मग त्याला कुनी म्हनलं का, तुजा इश्वास कमी हाये? तू बी इचार की. वरड. त्यो उठून जातो का बघ.”

ताईने विचारलं. तिच्या त्या खिचडी भाषेत, भिंतीला नाक लावून. “प्रभू, मला चालायचं होतं. अजून चालायचंय. मतलब, तुला माहीतच आहे. तू बघत होतास ना तेव्हा? मग धरलं का नाहीस?” तिचा आवाज चढत गेला, तो पूर्वीचा, जिन्यात घुमणारा आवाज. आई दचकून बाहेर आली. ताई रडत होती, मी रडत होते, आत्या खाटेच्या कडेला बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मधेमधे फक्त “व्हय, व्हय” म्हणत होती. वरून उत्तर आलं नाही. पाय हलला नाही. पण त्या चार-पाच महिन्यांत त्या खोलीत देवाचं नाव घेताना कुणी खरं बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ताई नंतर दोन तास गाढ झोपली. वेळ झाली तेव्हा आत्या म्हणाली, “निजू द्या. पाच मिन्टं.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला थांबायचं आहे ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी. ताई उठली नाही. जखम भरायला जवळजवळ वर्ष गेलं. नंतर चाकाची खुर्ची आली, रविवारचा वर्ग आमच्या पुढच्या खोलीत भरू लागला, तिने बी.ए. पूर्ण केलं, गल्लीतल्या मुलींना शिकवलं. अकरा वर्षं ती जगली आणि मूत्रपिंडाच्या आजाराने, आम्ही सगळे जवळ असताना गेली. ती अकरा वर्षं सोपी नव्हती. वाईट दिवस आले, राग आला, ‘मला आता पुरे’ असंही ती कितीदा म्हणाली. सगळं ठीक झालं असं लिहिण्याचा मोह होतो, पण ताई असती तर तिने ते वाक्य खोडलं असतं.

तर तो रविवार. ताईनेच निरोप पाठवला होता की मला प्रभुभोजन हवंय. पास्टर साहब दुपारी आले, सायकलच्या कॅरियरला पिशवी बांधलेली. त्यांनी पिशवीतून स्वच्छ रुमाल काढून स्टुलावर पसरला, त्यावर भाकर आणि पेला ठेवला. आई, आत्या, मी खाटेभोवती बसलो. बाबा दाराबाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पाठ आमच्याकडे.

पास्टर साहब सुरुवात करायच्या आधी दारापर्यंत गेले. “भाईसाहब,” ते म्हणाले, “उस सभा के बारे में मुझे पता था. मन नहीं मानता था, फिर भी मैंने रोका नहीं. रोकना चाहिए था.”

“बाबा, आत या ना,” ताई म्हणाली.

“तुम्ही घ्या,” बाबा तिकडूनच म्हणाले. “मी कोणत्या तोंडाने घेऊ? तुला मी नेलं तिथे. आणि देवाशी माझं आता काही राहिलं नाही, मार्था. नुसता राग आहे.”

“माझा पण गेलेला नाही,” ताई म्हणाली. “या. रागासकट घेऊ.”

मग बाबा उठले, चपला काढल्या आणि येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. बसले नाहीत. पास्टर साहबांनी भाकर मोडली. ताईने घेतली, आईने, आत्याने, मी. बाबांसमोर त्यांनी हात धरला तेव्हा बाबांनी तुकडा घेतला खरा, पण तो तोंडाकडे नेईनात, तेव्हा आत्याने त्यांचं मनगट खालून धरलं. पेला फिरला. पास्टर साहबांनी डोळे मिटून आभाराची प्रार्थना सुरू केली. ती जरा लांबली. मी डोळा उघडून घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते. आत्याही घड्याळाकडेच बघत होती.

“साब,” ती मधेच म्हणाली, “कूस बदलने का टैम हो गया.”

पास्टर साहब थांबले. त्यांनी डोळे उघडले, पेला स्टुलावर ठेवला, बाह्या सारल्या आणि विचारलं, “मैं कहाँ पकड़ूँ?” आत्याने त्यांना पाय दिले. कंबर तिने घेतली. खांद्यांकडे आई निघाली, पण तिच्या आधी बाबा गेले. मांडवातल्या त्या संध्याकाळनंतर त्यांनी ताईला हात लावला नव्हता. त्यांनी वाकून दोन्ही तळवे तिच्या खांद्यांखाली घातले. “लागतंय का?” त्यांनी विचारलं. “नाही, बाबा. नीट धरलंय,” ती म्हणाली. आत्याने मोजलं, तिघांनी उचललं, ताई डाव्या कुशीवर आली. मी उशी लावली, आईने चादर ओढून सरळ केली.

पास्टर साहब पुन्हा जागेवर येऊन उभे राहिले. दम लागला होता त्यांना. रुमालाने कपाळ पुसलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. “कहाँ थे हम?”

कुणालाच सांगता येईना. आम्ही सगळ्या घड्याळाकडे बघत बसलेल्या.

“‘धन्यवाद’ पर थे,” बाबा म्हणाले. त्यांचे हात अजून ताईच्या खांद्यांवरच होते. पास्टर साहबांनी मान हलवली, पण पुढे काही म्हटलं नाही. ते थांबून राहिले. मग बाबांनीच डोळे मिटले आणि तिथून पुढे, मराठीत, अडखळत, सुरू केलं.